एकटीपुरती हवा

बाबा गेले त्या सकाळी मोठे काका अंगणात उभे राहून माणसांना गावं वाटून देत होते. तू कामठ्याला जा, तू बिरसीला जा, तू गोंदियाला जाऊन आत्याला घेऊन ये. माणसं मोटारसायकलींना किका मारून निघत होती. मी छपरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. सगळी गावं वाटून झाली आणि काका लाकडांच्या मागे लागले. माझ्या ताईच्या गावाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. विसरले असं मी म्हणणार नाही. कोणाच्या लग्नात वरणात मीठ जास्त झालं होतं तेही काकांना आठवतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच, भाऊ नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आईला धरून राहणारा. पण बौद्ध. आमच्या लोकांना तेवढं पुरे होतं. ताई गेली त्या दिवशी बाबा गल्लीतल्या हापशीवर गेले आणि साऱ्या लोकांसमोर तिच्या नावानं आंघोळ केली. म्हणजे ती मेली, सुतक फिटलं, विषय संपला. ऐन उन्हाळा होता. माय नंतर एकदा म्हणाली होती, पोरगी थंडीत पळाली असती तर म्हाताऱ्यानं थोडा विचार केला असता. त्यानंतर बाबांनी तिचं नाव घेतलं नाही आणि तीही कधी दारात आली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर सुंभही जळत नव्हता.

आता मेलेल्या लेकीला बापाच्या मरणाचा निरोप कोण पाठवणार? काकांच्या हिशेबात ते बरोबरच होतं.

पण आमच्याकडे तिरडी उचलायच्या आधी घरची माणसं एकेक करून तोंडात पाणी घालतात. तुळशीचं पान बुडवून, चमचाभर. लेकींचं पाणी तर लागतंच. ज्याला लेकीचं पाणी नाही त्याचा जीव घशात अडकून राहतो, असं म्हाताऱ्या बाया सांगतात. बाबांच्या जिवाचं काय व्हायचं ते होवो, त्याची मला काळजी नव्हती. मला एवढंच कळत होतं की ताईला बापाचं तोंड शेवटचं दिसलं नाही तर ती जन्मभर ते उरावर घेऊन फिरेल, आणि मी तिला सांगितलं नाही म्हणून मीही फिरेन.

"दिवस लहान हायेत," काका कोणाला तरी सांगत होते. "तीनच्या आत उचलू. उगाच अंधार नोको."

मी मायकडे पाहिलं. ती बाबांच्या उशाशी बसली होती. रडून झालं होतं तिचं, किंवा सुरू व्हायचं होतं. तिनं माझ्याकडे न पाहता म्हटलं, "सायकल मांगं हाय." बस, एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात मायनं बाबांच्या विरोधात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य असावं. त्यासाठीही तिनं त्यांच्या मरणाची वाट पाहिली.

मला स्वतःला काही वाटत नव्हतं. हे मी बहादुरी म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगते. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, पाय आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. बाबा कितीतरी महिने अंथरुणावर होते. त्यांचं हगणं-मुतणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं मी केलं. त्या पहाटे ते कण्हत होते म्हणून छाती शेकायला मीठ गरम करायला मी चुलीपाशी गेले. पुरचुंडी घेऊन आले तर कण्हणं थांबलं होतं. मला वाटलं, आराम पडला.

परसात सायकल होती. काळी, डंड्याची, बाबांची. त्यांनी अंथरूण धरल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. कॅरियरवर कोंबड्यांनी बस्तान बसवलं होतं. पूर्वी बाबा रोज सकाळी चहाच्या आधी चाकं अंगठ्यानं दाबून पाहायचे आणि लागली तर हवा भरायचे. डंड्याला पंप बांधलेला असायचा. तो पंप ते कोणाला देत नसत, सख्ख्या भावालाही नाही. मागच्या चाकाच्या ट्यूबला इतकी थिगळं होती की मूळ ट्यूब कुठली ते शोधावं लागेल. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, हिला काय झालं, अजून पोरीसारखी हाय.

मी दोन्ही चाकांत हवा भरली, कोंबड्यांची घाण गोणपाटानं पुसली आणि सांदीतून मागच्या वाटेनं बाहेर पडले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मेलेल्याच्या घरात बायकांकडे कोण पाहतं?

ताईचं गाव दवनीवाड्याच्या बाजूला. सायकलनं नीट गेलं तर दीड-दोन तासांची वाट. त्या रस्त्यावर तेव्हा सकाळी एक आणि संध्याकाळी एक बस, सकाळची गेलेली. फोन म्हणाल तर तिच्या गावात एका दुकानात होता, पण दुकानदार निरोप पोचवायचा की नाही ते त्याच्या मर्जीवर. दोन हजार एक किंवा दोन साल असेल. मोबाइल आमच्यापर्यंत यायचे होते. डिसेंबरचा महिना, धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या पडलेल्या आणि जिकडेतिकडे कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे. कुठे कुठे चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं, भुसा हवेत उडत होता. थंडी अशी की मुठी हँडलवर आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहून खात्री करावी लागत होती.

कालव्याचा पूल ओलांडला आणि मागचं चाक बसलं. आधी सायकल जड झाली. मला वाटलं, मीच दमले. मग रिम गिट्टीवर खडखड वाजली तेव्हा उतरले. सायकल स्टँडवर लावली, पंप सोडला, नळी व्हॉल्व्हला आवळली आणि दांडा ओढून दाबायला लागले. दांडा नुसता सुळकन आत जायचा. ओढा, दाबा, ओढा, दाबा, चाक आहे तिथंच. घरी हवा भरताना पंपानं कशीबशी साथ दिली होती, आता त्याचाही जीव गेला होता.

रस्त्यालगतच्या खळ्यावर एक माणूस तणस झोडत होता. तो थांबून पाहायला लागला.

"काऊन वं बाई, हवा गेली का?"

"हो."

"कोठी जाऊन राहिली?"

"दवनीवाड्याकडे."

"समोरच्या गावात पंचरवाला हाय. पण तो आज चुरण्यावर गेला. दुकान बंद हाय त्याचं." एवढी मौलिक माहिती देऊन तो परत तणस झोडायला लागला. त्याचीही चूक नाही. चुरण्याच्या दिवसांत आमच्याकडे बँकेतले शिपाईसुद्धा जागेवर सापडत नाहीत.

पंपाचं काय झालं ते मला ठाऊक होतं. बाबांना करताना पाहिलं होतं. वरचं टोपण फिरवून मी दांडा बाहेर काढला. टोकाला चामड्याची एक वाटी असते, ती पंपाच्या भिंतीला चिकटून हवा ढकलते. इतके महिने तेल न मिळाल्यानं ती वाळून आक्रसली होती. तेल हवं होतं. भर रस्त्यात तेल कुठून आणणार? मग आठवलं की ते माझ्या डोक्यावरच आहे. रात्र-रात्र जागून डोकं तापतं म्हणून आदल्याच संध्याकाळी मायनं माझ्या टाळूवर चांगलं ओंजळभर तेल थापलं होतं. मी वेणी सोडली, भांगातून बोटं फिरवली आणि ते तेल चामड्याला चोळलं. तेवढ्यानं भागेना म्हणून सरळ दांड्याचं टोक डोक्यावर घासलं. खळ्यावरचा माणूस तणस झोडायचं विसरून गेला. पोरीला वेड लागलं असं त्याला वाटलं असणार. वाटू दे.

चामडं हळूहळू मऊ झालं. बोटानं त्याची कड फाकवली, दांडा परत आत घातला. या वेळी दाबताना हाताला अडलं. हवा जात होती. मी अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं, बाबा पाहायचे तसंच, आणि निघाले. त्या क्षणी बाबांची आठवण येऊन घसा दाटायला हवा होता. नाही दाटला. हाताला तेल आणि काळं लागलं होतं, ते ओढणीला पुसलं.

ट्यूबचं कुठलं तरी थिगळ सुटलं होतं, पण पुरतं नाही. हवा हळूहळू जायची. एकटीच्या वजनाला बरंच अंतर टिकायची, मग चाक बसायला लागलं की उतरायचं, पंप मारायचा, परत बसायचं. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. पंचरवाल्याचं दुकान लागलं, खरंच कुलूप होतं. पुढे एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर पंप मारताना मला कळलं की माझे हात आपोआप चालतात आणि मी चक्क झोपले आहे. उभ्या-उभ्या. डोळे उघडे.

ताईच्या घरी मी तिच्या लग्नानंतर एकदाही गेले नव्हते. विचारत विचारत पोचले. सारवलेलं अंगण, एका बाजूला पोती, दाराशी तिची सासू सुपानं धान पाखडत होती. भाऊजी रायपूरकडे कामाला असतात हे मला ऐकून माहीत होतं.

"कोण वं तू?"

"मी तुमच्या सुनेची बहीण. लहान."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुटलेली वेणी, काळे हात, घाम. मग आत गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. माझा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. पण मी हात पुढे केला नाही. मयताचा निरोप घेऊन गेलेल्यानं त्या घरचं पाणी पिऊ नये, उंबऱ्याच्या आत जाऊ नये, निरोप सांगून उलट पावली फिरावं, ही आमच्याकडची रीत. लहानपणापासून पाहिलेली. ती त्या वेळी मला एकदम आठवली. सगळं सोडून नेमकी तीच.

"नको," मी म्हटलं.

म्हातारीचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा आखडला.

"आमच्या घरचं पानी चालत नाई का तुले?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "इतक्या वर्सानं आली, अन् तेच घेऊन आली?"

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणते आहे. समजलं तेव्हा कानामागे गरम झालं. सकाळपासून अंगात काही जाणवलं असेल तर ते तेवढंच, शरम. आणि ती शरमही खरं तर माझ्या घरच्यांची होती, वाहायला मी होते.

"तसं नाही हो मावशी," मी म्हटलं. "बाबा गेले. आज पहाटे. असा निरोप घेऊन आलेल्यानं पाणी पिऊ नये म्हणतात आमच्याकडे."

तिनं पेला माझ्या हातात कोंबला.

"तुमचे नेम ठेव बाजूले. तोंड पाह्य आपलं, सुकून गेलं. पे."

मी प्यायले. तिनं आणखी आणून दिलं, तेही प्यायले.

तेवढ्यात ताई हापशीवरून आली. डोक्यावर पाण्याचा गुंड, कडेवर पोरगा. मी आहे हे तिला नंतर दिसलं. तिनं आधी सायकल पाहिली. ती सायकल घेऊन मी एकटी आले म्हणजे सायकलीचा मालक राहिला नाही, हे समजायला तिला क्षणही लागला नाही. तिनं गुंड खाली ठेवला, पोराला खाली ठेवलं.

"कोणी धाडलं तुले?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. माय बोलली सायकल मागे आहे म्हणून."

"काका?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मी नाई येत," ती म्हणाली. "त्यायनं माह्या नावानं आंघोळ केली. मी मेली ना त्यायच्यासाठी? मेलेल्या माणसानं कोठी जाचं?"

मला राग आला. एवढा राग मला आधी कधी आला होता ते आठवत नाही. "मी डोक्याचं तेल पंपाला लावून आली इथपर्यंत," मी ओरडले, "अन् तू मले कायदा सांगते? तुमचा बाप-लेकीचा हट्ट ठेवा चुलीत. तीनच्या आत उचलणार हायेत त्याले. यायचं तं ये, नाई तं मी चालली." घरी इतकी वर्षं मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, रागात सगळं वाहून जातं.

ताई रडायला लागली. सासूनं पोराला उचलून मांडीवर घेतलं.

"जाय," ती म्हणाली. "त्यानं तुले सोडलं, तू त्याले नोको सोडू. तोंड पाह्य अन् ये. हाकललं तं वापस ये. घर इथंच हाय."

शेजाऱ्याच्या घरून पायानं दाबायचा मोठा पंप आणला आणि चाकात टम्म हवा भरली. ट्यूब बदलायची तर गावात ट्यूब नव्हती. थिगळ शोधून चिकटवायचं तर अर्धा-पाऊण तास. आम्ही तशाच निघालो. ती मागे कॅरियरवर, मी पुढे.

गाव मागे पडल्यावर माझ्या पाठीमागून आवाज आला.

"लय तरास झाला का त्यायले?"

"शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं."

"त्याच्या आधी?"

"बोलायचे थोडं."

"माह्यं नाव घेतलं का?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. कोणीही बोललं असतं. एक 'हो' म्हणायला काय लागतं? पण माझ्या डोक्यात तेव्हा खोटं तयार करण्याइतकीही हालचाल नव्हती. "नाही," मी म्हटलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या पाठीला कपाळ टेकवलं. कुर्त्यातून तिच्या कपाळाची ऊब लागत होती. मी पायडल मारत राहिले.

दोघींचं वजन त्या ट्यूबला झेपणारं नव्हतं. अर्ध्या वाटेपर्यंत मोठ्या पंपाची हवा पुरली. मग चाक बसलं ते बसलंच. आम्ही उतरलो, भरली, बसलो, नाल्याच्या उतारापर्यंत गेलो की रिम खडखड. परत भरली. पुढच्या वेळी तर मोहाच्या झाडापासून समोरच्या बांधीपर्यंतसुद्धा गेलो नाही. आम्ही आळीपाळीनं पंप मारत होतो. ताईच्या बांगड्या दांड्यावर आपटत होत्या. नाकी नऊ आले. सूर्य डोक्यावरून कलला होता. घड्याळ दोघींकडेही नव्हतं, पण सावल्या पायाखालून निघून बाजूला पडायला लागल्या होत्या आणि गाव अजून बरंच लांब होतं.

चालत गेलो असतो तर दोघींनाही उशीर झाला असता. एकटीला मात्र हवा टिकत होती, हे मी येताना पाहिलं होतं.

"तू जा," मी म्हटलं.

"अन् तू?"

"मी येते मागून."

"दोघी मिळून जाऊ. चालत जाऊ."

"पाहायचं तुले राह्यलं, मले नाई. मी तं रोज पाह्यलं त्याले. जाय." हे मी विचार करून बोलले असं नाही. ते इतकं उघड होतं की विचार करायला काही उरलंच नव्हतं. भरलेल्या चाकाचा हिशेब होता आणि तो एकाच बाजूनं सुटत होता.

मी शेवटची हवा भरली. जेवढी मावेल तेवढी. ताईनं पदर कमरेला खोचला, निऱ्या वर करून काष्ट्यासारख्या मागे ओढल्या. आम्ही दोघी याच सायकलवर कैची मारत शिकलो होतो, डंड्याखालून पाय घालून. आता ती सरळ डंड्यावरून पाय टाकून बसली. पंप मी तिच्या हवाली केला, वाटेत लागेल म्हणून. ती उभ्यानं पायडल मारत गेली. एकदाही मागे वळली नाही. तिचा अंबाडा सुटला होता, तो वळणापर्यंत दिसत होता.

मग मी चालायला लागले.

सायकल हातात नसल्यानं हातांचं काय करावं ते कळेना. धानाच्या पोत्यांनी भरलेली एक बंडी समोरून आली, गाडीवानानं विचारलं, कोठी चालली, मी सांगितलं, तो उलट्या दिशेला निघून गेला. वाटेत मी काय विचार केला ते आठवायचा नंतर पुष्कळ प्रयत्न केला. काही सापडत नाही. एका बांधीत बगळे होते. एका खळ्यावर रेडिओ लागला होता. मला ताई पोचली असेल की नाही हाच एक प्रश्न होता आणि तो मी पावलागणिक विचारत होते. काका तिला आत येऊ देतील का, हा दुसरा. तिसरा प्रश्न मला सुचला नाही.

गावाच्या तोंडाशी रस्त्यावर लाह्या पडलेल्या दिसल्या. कोंबड्या टिपत होत्या. लाह्यांची रांग आमच्या गल्लीतून निघून नदीकडच्या वाटेला गेली होती. मी तिथं उभी राहिले. म्हणजे उचललं, एवढंच मनात आलं. आणि मग, वरातीमागून घोडं यावं तसं, अगदी सावकाश, मला उमगलं की माझं पाणी राहिलं.

ते मी अजून घातलंच नव्हतं. पहाटे मी चुलीपाशी होते. मग कोण रडतंय, कोणाला धरायचं, कोणाला चहा द्यायचा, यात. मग सायकल. उचलायच्या वेळी घालू असं मनात होतं, आणि उचलायच्या वेळेला मी त्या रस्त्यावर बगळे पाहत होते. बायका घाटावर जात नाहीत आमच्याकडे. धावत गेले असते तरी कोणी जवळ जाऊ दिलं नसतं. तरी मी नदीच्या वाटेला चार पावलं टाकली. मग थांबले आणि घराकडे वळले.

अंगणात सगळ्या बाया बसल्या होत्या. ताई मायच्या शेजारी होती. मायनं तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, जसं बाजारात लेकराचा धरतात. सायकल कुंपणाला टेकवलेली होती, मागचं चाक पार बसलेलं.

"आली बरं मोठी वेळेवर," आत्या मला पाहून म्हणाली. "उचलतच होते. तुह्या काकानं मान वर केली, मले वाटलं आता काही बोलन. नाई बोलला. बाजूले सरला. पोरीनं पानी घातलं, पदरानं तोंड पुसलं, मंगच उचललं."

"माझी वाट नाही पाहिली?" मी विचारलं.

"तुह्यं काय वं," आत्या म्हणाली, "तू तं रातभर उशालेच होती. सगळ्यायच्या आधी तूच घातलं असन."

बायांनी माना डोलावल्या. एवढी सेवा केलेली पोर, तिचं राहील कसं? ताईनं वर पाहिलं. डोळे सुजले होते, पण चेहरा हलका झाला होता. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"तू नसती आली तं माह्यं राह्यलं असतं," ती म्हणाली. "जन्मभर राह्यलं असतं."

मी 'हूं' म्हटलं आणि हात धुवायला हापशीवर गेले. तेलात कालवलेलं ते काळं साध्या पाण्यानं निघेना, राखेनं घासावं लागलं. घासताना मी रडले. खूप नाही. कोणी पाहिलं असतं तरी बापासाठी रडते आहे असंच समजलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यानंतर ताईचं येणं-जाणं सुरू झालं. तिचा पोरगा सुट्ट्यांत आजीकडे राहायला लागला. काका त्याला बांधीवर घेऊन जातात, हे मी सांगितलं तर बाबा परत एकदा आंघोळ करतील. सगळं बरं झालं. म्हाताऱ्याला दोन्ही लेकींचं पाणी मिळालं, म्हणून सुखानं गेला, असं माय अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी समोर असले तर माझ्याकडे पाहते, आणि मी होकाराची मान डोलावते.